पान पोचवायला जाणारे मास्तर

मास्तर शुद्ध मराठीत बोलायला लागले की आमच्या ऑफिसात सगळे सावध व्हायचे. एरवी त्यांची अहिराणी सगळ्यांना सारखी. शिपायाशी तीच, चेअरमनशी तीच, कापसाचं ट्रॅक्टर घेऊन आलेल्या शेतकऱ्याशीही तीच. रागावले की मात्र ते पाठ्यपुस्तकासारखं बोलत. "आपण हे योग्य केले नाही," असं ते एकदा मला म्हणाले होते. माझा गुन्हा एवढाच की मी त्यांच्या की-बोर्डशेजारी पाण्याचा ग्लास ठेवला होता. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी प्रमाण भाषेतच बोलले. मग दुपारी डबा उघडून म्हणाले, "कळण्यानी भाकर शे. ये." मी समजलो, मिटलं.

शहादा तालुक्यातल्या एका सहकारी संघात मी हिशोबाचं काम करतो. संघ कापूस खरेदी करतो. मास्तरांचं टेबल माझ्या शेजारी होतं. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. संघात येण्याआधी त्यांचा शहाद्यात टायपिंगचा क्लास होता, म्हणून ते मास्तर. संघानं पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा, ज्याला बटणं न बघता दाबता येतात असा गावात हाच एक माणूस, या हिशोबानं त्यांना बोलावून घेतलं. हिशोब बरोबर निघाला. मास्तर पुस्तकं आणून शिकले आणि त्यांनी आमचा सगळा कारभार एका डेटाबेस प्रोग्राममध्ये बसवला. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. शेतकऱ्याचं नाव घाला, गाव घाला, भरलेल्या गाडीचं वजन घाला, रिकाम्या गाडीचं घाला, की काटापावती छापून बाहेर. संध्याकाळी दिवसाचा गोषवारा. मी आकड्यांचा माणूस आहे, त्यामुळे सांगू शकतो की त्या गोषवाऱ्याची बेरीज मी रोज हातानं पडताळली आणि ती कधी चुकली नाही.

ते रोज ब्राह्मणपुरीहून एसटीनं यायचे. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चप्पल काढायचे. पूर्वी सगळेच काढत. पुढे साहेब लोक बूट घालून आत जायला लागले आणि ती पद्धत मोडली, पण मास्तरांची चप्पल शेवटपर्यंत बाहेरच राहिली. माऊस त्यांना मान्य नव्हता. मशीनबरोबर आलेला माऊस त्यांनी खणात ठेवला होता. अधूनमधून खण उघडून तो आहे ना हे बघायचे आणि पुन्हा बंद करायचे. विचार करताना त्यांची बोटं स्वतःच्या गुडघ्यावर टाइप करत असायची. आमचा शिपाई तात्या त्यांच्या क्लासचा जुना विद्यार्थी. तो म्हणायचा की गुडघ्यावर मास्तर काय लिहितात ते मला वाचता येतं. खरं-खोटं त्यालाच माहीत.

त्यांच्या प्रोग्रामची गंमत अशी की तोसुद्धा अहिराणी बोलायचा. अक्षरं इंग्रजी, बोली आमची. छपाई सुरू असताना पडद्यावर यायचं, 'थांब, छापी ऱ्हायनू.' कागद संपला की, 'कागद शे का?' आणि प्रिंटर बंद असला किंवा केबल निघाली असली की, 'तठे कोनीच नही. परत देखू का?' तिथे कोणीच नाही, पुन्हा बघू का, असं विचारणं; त्यापुढे हो किंवा नाही दाबायचं. एका ऑडिटर साहेबांना हे पटलं नाही. सूचना इंग्रजीत हव्यात, असं ते बजावून गेले. पुढच्या वर्षी ते आले तेव्हा पडद्यावर एकच इंग्रजी सूचना वाढली होती, 'प्लीज वेट, साहेब.' बाकी सगळं होतं तसं.

त्याच ऑडिटर साहेबांना मास्तर स्टँडपर्यंत सोडायला गेले. त्यांची बॅग स्वतः उचलली. साहेब संकोचून नको नको म्हणत होते. मास्तर बस हलेपर्यंत थांबले, आणि बस हलल्यावरही वळणाआड जाईपर्यंत थांबले. हे ते प्रत्येकासाठी करत. कोणीही निघालं की मास्तर उठत. पाहुण्याला पोचवायला जाणं आमच्याकडे सगळेच करतात, पण ते उंबऱ्यापर्यंत, फार तर गल्लीच्या तोंडापर्यंत. मास्तरांचं पोचवणं गाडी दिसेनाशी होईपर्यंत चालायचं. तात्या चिडवायचा, "मास्तर, आज ड्रायव्हरले बी पोचाडी उनात का?" मास्तर शांतपणे म्हणायचे, "त्याले कंडक्टर शे."

कारण मी एकदाच विचारलं होतं. ते म्हणाले, ते टायपिंग शिकायला पहिल्यांदा धुळ्याला निघाले तेव्हा वडील स्टँडवर आले होते. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा पोचला की नाही हे त्यांना कळायचा काही मार्ग नव्हता. तेव्हा जेवढं दिसतंय तेवढं तरी बघून घ्यावं म्हणून ते उभे राहिले, आणि मास्तर मागच्या काचेतून ते उभे राहणं बघत गेले. एवढं सांगून ते पुन्हा गुडघ्यावर टाइप करायला लागले. "धाडेल येगळं, पोचेल येगळं," असं त्यांचं एक बोलणं होतं. पत्र असो, पावती असो, माणूस असो, नुसतं धाडून त्यांचं समाधान होत नसे.

जुने प्रिंटर त्यांच्या स्वभावाला बरोबर होते. शेजारीच असायचे, करकर आवाज करत एकेक ओळ छापायचे. मास्तर डोळे मिटून बसले तरी त्यांना कळायचं की पावती कुठपर्यंत आली. पण ते प्रिंटर झिजले. त्यांच्या रिबिनी नंदुरबारला मिळेनात, धुळ्याला मिळेनात. त्याच सुमारास सांगलीकडचे एक नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना काम झटपट हवं असायचं. त्यांनी सगळ्या ऑफिससाठी एकच मोठा प्रिंटर आणला, वरच्या मजल्यावर आपल्या केबिनबाहेर ठेवला आणि सगळी मशीनं वायरनं त्याला जोडून घेतली. आता ज्यानं त्यानं खालून छापायचं आणि वर जाऊन आणायचं.

सगळ्यांचं निघालं. मास्तरांच्या प्रोग्रामचं निघेना. त्या जुन्या प्रोग्रामला प्रिंटर म्हणजे मशीनच्या पाठीतून निघणारी केबल एवढंच ठाऊक होतं. वरच्या मजल्यावर कोणी राहतं हे त्याच्या गावीच नव्हतं. मॅनेजरांनी सरळ सांगून टाकलं की हंगाम सुरू व्हायच्या आत काटापावती या प्रिंटरवर निघाली तर प्रोग्राम ठेवू, नाही तर नवा विकत घेऊ. बोलले ते सहज. पण मास्तरांच्या निवृत्तीला तेव्हा थोडीच वर्षं राहिली होती, आणि नवा प्रोग्राम आला तर त्यांना गोडाऊनवर पाठवायचं असं आधीच कुजबुजलं जात होतं. गोडाऊनचं मास्तरांना काही वाटत नसावं. आपलं लिहिलेलं सगळं एका दिवसात गप्प होणार, हे त्यांना खात होतं. त्या दिवसांत त्यांचा डबा पुष्कळदा तसाच परत जायचा.

प्रिंटर बसवणाऱ्या धुळ्याच्या इंजिनिअरनं फोनवर निम्मी वाट दाखवली. केबलच्या नावानं जे काही येईल ते परस्पर वरच्या प्रिंटरकडे वळवायचं, असा एक हुकूम मशीनला रोज सकाळी द्यायचा. मास्तरांनी तो दिला. प्रोग्राम या युक्तीला फसला. आपण केबललाच देतोय असं समजून त्यानं पावती पाठवून दिली. 'तठे कोनीच नही' आलं नाही. मास्तर अनवाणी जिना चढून वर गेले. प्रिंटर शांत होता. कागद नाही, आवाज नाही. खाली आले, पुन्हा पाठवलं, पुन्हा वर गेले. इंजिनिअर म्हणाला, आमच्या बाजूनं सगळं बरोबर दिसतंय. दोन-तीन दिवस मास्तर असेच जिन्यावर होते. पावती खालून निघालेली असायची आणि वर पोचलेली नसायची. मधल्या वायरीत ती कुठे असते, असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं.

मग एके सकाळी मॅनेजर हातात दोन कागद घेऊन जिना उतरले. त्यांनी वरून जिल्ह्याच्या ऑफिसला एक पत्र छापलं होतं, आणि त्या पत्राच्या आधी एक भलतंच पान बाहेर आलं होतं. "हे कोणी कोणाला लिहिलंय?" त्यांनी विचारलं आणि आपल्या सांगली हेलात मोठ्यानं वाचून दाखवलं. वरच्या भागात एका पावतीचे तुकडे होते. खाली एकाखाली एक ओळी.

'पोचनं का?'

'आरे, पोचनं का?'

'बोल ना भो.'

'मी आठे उपाशी बठेल शे.'

'एक डाव तरी बोल.'

सगळं ऑफिस हसलं. तात्याला तर चहाची किटली खाली ठेवावी लागली. मीही हसलो. मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ते पत्र माझे आहे. मी ते प्रिंटरला लिहिले होते."

शुद्ध मराठी ऐकल्याबरोबर हसणं थांबलं. मॅनेजरांना आमच्याकडची ही रीत ठाऊक नव्हती, पण काहीतरी बदललंय हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. ते पान उलटसुलट बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोचलं होतं की, मास्तर. वर येऊन थांबलं होतं. माझं पत्र मागून आलं तेव्हा ते उठलं."

मास्तर खाली बसले. बराच वेळ त्यांची बोटं गुडघ्यावर चालली. जुना प्रिंटर येईल ती ओळ छापून मोकळा व्हायचा. हा नवा पान भरेपर्यंत, किंवा आता संपलं असं कोणी सांगेपर्यंत, सगळं पोटात धरून बसायचा. हंगामाआधीचे दिवस, मध्ये दुसऱ्या कोणी काही छापलं नव्हतं, त्यामुळे मास्तरांचं अर्धं पान दोन-तीन दिवस आत तसंच तिष्ठत होतं. "पाहुना शे तो," ते शेवटी म्हणाले. आवाज पुन्हा अहिराणी झाला होता. "'जाय आते' सांगाशिवाय उठस नही."

त्यांनी प्रोग्राममध्ये पावतीच्या शेवटी 'पान सोड' असा हुकूम घातला. हंगाम सुरू झाला त्या दिवशी म्हसावदकडचं ट्रॅक्टर पहिल्यांदा काट्यावर चढलं. मॅनेजर खाली येऊन उभे होते. रिकाम्या ट्रॅक्टरचंही वजन झालं, तेव्हा मास्तरांनी बटण दाबलं आणि ते कोणाकडे न बघता जिना चढले. वर प्रिंटर गुरगुरल्याचा आवाज खालीही आला. पावती दोन्ही हातांत धरून ते उतरले, तेव्हा ती अजून गरम होती. शेतकऱ्यानं ती वजन बघून खिशात घातली आणि निघाला. या कागदापायी काय काय झालं ते त्या बिचाऱ्याला काय माहीत? मास्तर त्याला फाटकापर्यंत पोचवून आले.

प्रोग्राम राहिला. पण पावतीमागून एक कोरं पान निघायला लागलं. मी ते लगेच पकडलं, कारण कागदाचा खर्च माझ्याकडे लिहिला जायचा. मास्तरांनी 'पान सोड' हा हुकूम दोनदा घातला होता. एकदा पुरे आहे, दुसरा काढा, असं मी त्यांना सांगितलं. एका हंगामात किती रिमं नुसती कोरी निघतील ते कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी माझा आकडा नीट वाचला, बरोबर आहे म्हणाले आणि कागद मला परत दिला.

"मग काढताय ना?"

"नही."

"का?"

"पान एखलं कसं जाई, भो?" ते म्हणाले. "पोचाडाले कोनी तरी जावाले पाहिजे."

मी चेअरमनपर्यंत जाऊ शकलो असतो. गेलो नाही. ती कोरी पानं गोळा करून मी कच्च्या कामाला वापरायला लागलो. निम्म्या संघाची आकडेमोड पुढे त्याच पानांवर झाली.

काही दिवस मास्तर प्रत्येक पावतीला जिना चढायचे. मग गुडघे कुरकुरायला लागले. एक दिवस वरून आवाज आला, "मास्तर, पोचनं!" मॅनेजर होते. केबिनबाहेर कागद पडताना त्यांना दिसायचा, तिथूनच ते ओरडले. अहिराणी साफ चुकीच्या हेलात होती, पण मास्तर उठता उठता पुन्हा बसले. त्यानंतर ती पद्धतच पडली. वर जो कोणी असेल त्यानं 'पोचनं' म्हणायचं. पुढे पुढे कोणाचंही काही छापलं तरी वरून हाक यायची. मला माझं तेरीजपत्रक हवं असायचं, मी खालीच बसलेला असायचो, आणि जिन्यातून कोणाची तरी हाक यायची, 'पोचनं.' त्या शब्दाची मला इतकी सवय झाली की घरी बायको फोन ठेवताना काही म्हणाली नाही तर काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं.

निवृत्त झाल्यावर मास्तर सुरतेला मुलीकडे गेले. त्यांची पत्नी आधीच वारली होती. ब्राह्मणपुरीच्या घरात एकटे राहू नका, असं मुलीनं लावून धरलं होतं. त्यांना गाडीत बसवून द्यायला मॅनेजर, तात्या आणि मी जीप करून नंदुरबार स्टेशनवर गेलो. गाडी उशिरा येणार असं कळलं. आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळानं मास्तर म्हणाले, "तुम्हले दूर जानं शे. तुम्ही निंघा. तुम्हले पोचाडीसन मी गाडीम्हा बससू."

आम्ही म्हटलं, उलटं कसं होईल? निघालात तुम्ही, पोचवायला आलोय आम्ही. मॅनेजर तर हट्टालाच पेटले. तेव्हा मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "आपण आता निघावे."

त्या भाषेपुढे आमचं काय चालणार? ते आमच्याबरोबर स्टेशनच्या बाहेर आले. जीप निघाली. मी मागच्या काचेतून बघत होतो. खांद्याला पिशवी अडकवून ते लिंबाखाली उभे होते. जीप वळेपर्यंत हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतेहून त्यांचा फोन आला. पहिला प्रश्न, "पोचनात का?" मी हो म्हटलं आणि त्यांचं विचारलं. "मी बी," ते म्हणाले.

मग अधूनमधून फोन असायचे. इकडचं तिकडचं झालं की ते विचारायचे, "छापी ऱ्हायना का?" मी म्हणायचो, छापतोय. "आनि कोरं पान?" तेही निघतंय. मग ते खूश होऊन फोन ठेवायचे. एका पावसाळ्यात फोन आला नाही. मी केला, तो उचलला गेला नाही. नंतर मुलीचा आला. दहावं, तेरावं होऊन गेलं होतं. आजार थोड्याच दिवसांचा होता, ती म्हणाली, सगळं इतकं पटकन झालं की इकडे कळवायलाही सुधरलं नाही. मी तिला म्हटलं, असू दे ताई. फोन ठेवल्यावर मी तात्याला सांगितलं. तो जिन्याच्या पायरीवर बसून राहिला.

गेल्या हंगामापासून नवा प्रोग्राम आला आहे. चांगला आहे, मला तक्रार नाही. पावती आता थेट शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाते आणि पोचली की दोन खुणा उमटतात. वरून कोणी हाक मारत नाही. मास्तरांच्या काळातले मॅनेजर बदलून गेले, तो मोठा प्रिंटरही मोडीत गेला. कच्च्या कामाला कोरं पान लागलं तर मला आता मागून घ्यावं लागतं.

परवा भंगाराचा टेम्पो येणार होता. मास्तरांचं मशीन त्यात जायचं होतं. देण्याआधी बघावं म्हणून मी ते जोडलं. थोडं कुरकुरलं, पण लागलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. मी एक जुनी पावती काढली आणि छपाईचं बटण दाबलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग ओळ आली.

'तठे कोनीच नही. परत देखू का?'

मी हो दाबलं. खरोखर कोणी जाऊन बघून यावं तेवढा वेळ लागला आणि पुन्हा तेच आलं. मी पुन्हा हो दाबलं. असं काही वेळा झालं. दुसऱ्या कोणाच्या आवाजात ते मला वाचताच येत नव्हतं. 'नाही' दाबायला बोट गेलं नाही. तेवढ्यात टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, तेव्हा मी प्रश्न पडद्यावर तसाच ठेवून वायर काढली.

मशीन टेम्पोत चढवलं. मी फाटकापर्यंत गेलो. टेम्पो निघाला तरी मी तिथेच उभा होतो. तात्या चहाची किटली घेऊन रस्ता ओलांडून येत होता. त्याचंही हे शेवटचं वर्ष आहे. त्यानं विचारलं, "कोन जाई ऱ्हायनं?" मी टेम्पोकडे बोट केलं. त्यानं बघितलं, मागे काय ठेवलंय ते ओळखलं, किटली फाटकाच्या कट्ट्यावर ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

टेम्पो प्रकाशा गावाच्या रस्त्याला वळून दिसेनासा झाला, तेव्हा तो म्हणाला, "चाल आते." आम्ही आत आलो. चहा निवला होता, तो त्यानं पुन्हा गरम केला.